तिसरा पिंजरा

दिनकर, तिसरा पिंजरा आता रिकामा आहे. घासून, उन्हात वाळवून मी तो परत फळीवर ठेवला. तरी प्राण्यांच्या खोलीत गेलो की पहिली नजर तिकडेच जाते. शिपाई म्हणाला, "सर, आता कुलूप लावू का खोलीला?" मी म्हटलं, राहू दे. एकदा कुलूप लागलं की ते उघडायची हिंमत मला होणार नाही, हे त्याला कसं सांगणार.

तू असतास तर हसला असतास. "माधवराव, रिकाम्या पिंजऱ्याला भेणारा तूच पैला," असं म्हणाला असतास. कॉलेजात मला भित्रा म्हणायचा हक्क तुझ्याकडे होता आणि तो तू दिवसातून दोनदा तरी बजावायचास. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे तर तू माझ्या टेबलावर खडूनं लिहून ठेवलं होतंस. ते अजून पुसट दिसतं. मी पुसलेलं नाही.

शोकसभा झाली. प्राचार्य बोलले, विद्यार्थ्यांतली दोघंतिघं बोलली, एक मुलगी मधेच रडायला लागली. तू किती हुशार होतास, किती मनमिळाऊ होतास, हे सगळं सांगून झालं. मला बोलायला उभं केलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. दुःख होतंच रे. पण त्या वेळी माझ्या घशाशी आली होती ती भीती. तुझ्या फोटोला घातलेल्या हाराकडे बघत मी मनात एकच विचार करत होतो, की तुला तुझ्याच काढ्यानं तर नेलं नाही ना.

सोबतीला आपण होतो तरी कसे. तू कोरेगावच्या पलीकडचा, उसाच्या रानातला, सुभेदाराचा मुलगा. मी सांगलीचा, नाकासमोर चालणारा, पावसाळा संपला तरी छत्री घेऊन फिरणारा. पाला माझा आणि उंदीर तुझे, अशी आपली वाटणी. सावलीत वाळवलेला पाला कुटायचा, स्पिरिटात उकळायचा, अर्क काढून आटवायचा, हे माझं काम. तो अर्क उंदरांना नळीनं पाजून त्यांच्या रक्तात काय फरक पडतो ते बघायचं, हे तुझं. मला उंदीर धरता यायचा नाही. पहिल्यांदा धरला तेव्हा तो चावला आणि मी अख्खा पिंजरा खाली पाडला. सगळी खोलीभर पांढरे उंदीर, आणि मी स्टुलावर. तू एकेकाला मानेजवळ अलगद उचलत होतास आणि म्हणत होतास, "आरं, ते तुज्यापेक्षा जास्त भ्यालंय. त्याला आदी धीर दे." नंतर माझ्याबरोबर दवाखान्यात आलास. धनुर्वाताचं इंजेक्शन मला होतं, आणि डोळे मिटून बसलास तू. त्याबद्दल मी तुला पुढं कधी छळलं नाही. छळायला हवं होतं.

आपण जिचा पाला कुटायचो त्या वेलीचं नाव मी इथं लिहिणार नाही. तुझी आत्याही सांगायची नाही. नाव घेतलं की औषधाचा गुण जातो, असं ती म्हणायची. माझं कारण वेगळं आहे. हे वाचून कोणी डोंगरावर जाईल, पाला ओरबाडून आणेल आणि चुलीवर ठेवेल, ही मला भीती वाटते.

आत्या जन्मभर साखरेच्या आजाराला तो काढा देत आली. सकाळी उपाशीपोटी यायचं, ओसरीवर बसायचं, वाटीभर काढा घ्यायचा आणि मागं न बघता जायचं. यायचे ते चार-पाच जण. पैसा नाही, नारळ नाही. एकच रीत, की देणाऱ्यानं आधी घ्यायचं. ज्याला द्यायचं त्याच्या वाटीतली एक पळी देणाऱ्यानं त्याच्यासमोर प्यायची, मग वाटी पुढं करायची. तू मला ही रीत पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा मी म्हटलं, काय सुंदर आहे रे. औषध देणाऱ्या सगळ्यांना हा नियम लावला पाहिजे. मला खरंच तसं वाटलं होतं.

मला तू चव दाखवलीस तीही त्याच रीतीनं. संक्रांतीला तुझ्या घरी जेवायला आलो होतो. मी म्हटलं, ज्याचा अर्क काढतो तो काढा लागतो तरी कसा. तू वाटी भरलीस, पळीनं एक घोट घेतलास, तोंड वेडंवाकडं केलंस आणि वाटी माझ्या हातात दिलीस. एवढं कडू मी आयुष्यात काही प्यालो नव्हतो. शालन वहिनींनी तिळाची वडी पुढं केली आणि तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस. "साकर उतरायला घेतलंय आन वर साकरच खातोय." वहिनी हसून हसून आत पळाल्या.

आपली पहिली चाचणी यशस्वी झाली, तिथून सगळं सुरू झालं. साखर वाढवलेल्या उंदरांना आपण अर्क पाजला आणि त्यांची साखर खरंच उतरली. आपण आलेख काढायच्या आधी बातमी तुझ्या गावात. "कालेजात उंदरावर पास झालं," एवढंच लोकांना कळलं आणि तेवढं पुरलं. आत्या त्याच साली गेली, चांगली पिकलं पान होऊन गेली, आणि तिची पळी तुझ्या हातात आली. मग काय विचारता. कोरेगावातून, रहिमतपुरातून, एकजण तर लोणंदहून पहिल्या गाडीनं. तू पहाटे सगळ्यांना देऊन, आंघोळ करून, मोटारसायकलवरून साताऱ्याला यायचास. साडेदहाला वर्गात उभा असायचास. मी त्या वेळेला तुझ्या गावी कधी आलो नाही. मी आलो ते सणासुदीला, दुपारचं जेवायला. तू पहाटे काय करतोस हे मी तुझ्याच तोंडून ऐकलं होतं.

आपलं खरं भांडण त्यावरूनच. मी म्हणत होतो, साखर उतरते हे कळलं. पण रोज, महिनोन्महिने घेतलं तर पोटात काय होतं, यकृताचं काय होतं, हे कुठं कळलंय. ते कळेपर्यंत थांब. तू म्हणालास, "आत्यानं जलमभर दिलं. कोण मेलं?" मी म्हटलं, मेलेली माणसं सांगायला येत नाहीत. तू ताडकन उठलास. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस, चहाला एकटाच गेलास. मला वाटलं, आत्याचा अपमान केला मी. तिसऱ्या दिवशी तू आपणहून आलास आणि म्हणालास, "चल. तीन महिन्यांचं करू." मी खूश. अखेर याला शहाणपण आलं, असं मला वाटलं.

तीन पिंजरे मांडले. पहिल्यातल्या उंदरांना नुसतं पाणी. दुसऱ्यातल्यांना माणसाच्या रोजच्या एका वाटीइतकं, उंदराच्या मापात बसवून. तिसऱ्यातल्यांना कितीतरी पट जास्त. असं करतातच, त्यात नवल काही नाही. पण नेहमी पाचपट धरतात, दहापट धरतात. तू धरलेलं माप ना धड पाचपट, ना धड दहापट, मधलंच काहीतरी.

मी म्हटलं, "दहा का नको?"

"नगं. हेच."

"अरे, एवढा काढा रोज कोण पितं? म्हशीला पाजायचाय का?"

"आसतं एखादं."

"आणि हा आकडा कुठल्या पंचांगात बघितलास?"

"आत्याला इचारलं," म्हणालास. आत्या जाऊन वर्ष होत आलं होतं. मी मनसोक्त हसलो आणि तूही हसलास. ते हसणं मी कालपासून मनात उलटसुलट करून बघतो आहे.

गणपतीत तू हट्टानं उंदरांना सुट्टी मागितलीस. बाप्पाचं वाहन, त्या दिवशी नळी घालायची नाही. मी म्हटलं, चाचणीत खंड पडेल. मग तडजोड झाली. अर्क द्यायचा, पण आधी हात जोडायचे. तू खरंच तिन्ही पिंजऱ्यांसमोर हात जोडून उभा राहिलास, आणि वहिनींनी दिलेल्या डब्यातला मोदक कुस्करून आत टाकायला निघालास. आपण जन्मभराचं वैर धरल्यासारखं त्या एका मोदकावरून भांडलो. शेवटी तो मी खाल्ला. तू नको म्हणालास. भूक नाही म्हणालास. माझ्या लक्षात यायला हवं होतं असं आता कोणीही म्हणेल, पण सणात तोंड मारून मारून भूक मरते ती सगळ्यांचीच. मला त्यात काही दिसलं नाही आणि दिसायचं कारणही नव्हतं.

मग ऑक्टोबरचं ऊन. तू म्हणालास, ऊन बाधलं. मग म्हणालास, ॲसिडिटी. एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता तू वळलास आणि खिडकीच्या उजेडात मला तुझे डोळे दिसले. हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे. मी तुझा हात धरला. तू खडू ठेवलास आणि माझ्याबरोबर चालू लागलास.

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले कावीळ. कसली कावीळ, ते नक्की सांगेनात. पाण्यातून झाली असेल, रक्तातून झाली असेल, कशातूनही असेल. मी काढ्याचं सांगितलं. ते म्हणाले, अहो, अर्धा तालुका पितोय तो काढा, सगळ्यांना कुठं झालीय. ते खरंच होतं. तेवढ्या खरं असण्यानं मला त्या रात्रीपुरता धीर आला.

तुझे उंदीर आता माझ्याकडे आले होते. मी, दिनकर, रोज उंदीर धरत होतो.  आधी त्याला धीर दे, हे तुझं वाक्य मोठ्यानं म्हणायचो. शिपायाला वाटलं असेल, सरांचं डोकं फिरलं. दुपारी तुझ्याकडे यायचो. तू फार बोलायचा नाहीस. एकदा मात्र तू वहिनींना पाणी आणायला बाहेर पाठवलंस आणि मला विचारलंस, "तिसऱ्यातली खात्यात का?"

मी म्हटलं, "खातात, पण कमी झालंय."

"आन दुसऱ्यातली?"

"ते मस्त आहेत. पिंजरा कुरतडतात."

"बरं झालं," म्हणालास आणि भिंतीकडे कूस वळवलीस. मला वाटलं, या अवस्थेतही ह्याला कामाची केवढी ओढ. मला तुझा अभिमान वाटला, आणि बाहेर येऊन मी वहिनींनाही तसं सांगितलं.

त्यानंतर तू फार दिवस राहिला नाहीस.

मी आरशासमोर उभा राहून रोज डोळ्यांची पापणी ओढून बघायला लागलो. संक्रांतीला प्यालेली एक वाटी, आणि मी नोव्हेंबरात डोळे बघतो आहे. हसू नकोस. उजव्या बरगडीखाली दाबून बघायचो, आणि दाबलं की कुठंही दुखतंच. घरमालकीण म्हणाल्या, तुमचे मित्र गेल्यापासून तुम्ही नीट जेवत नाही. भूक लागेना म्हणून भीती वाटायची आणि भीतीनं भूक लागेना.

तुझे आबा कॉलेजात आले होते, तुझी मोटारसायकल न्यायला. तसेच ताठ, मिशा तशाच. तुझ्या खुर्चीवर बसायला सांगितलं तर बसले नाहीत. चहा घेतला आणि म्हणाले, "काढ्याचं काम थांबल्यालं न्हाई बरं का. सूनबाईनं ड्यूटी उचलली. तेराव्या दिसापास्नं तीच देती. मानसं येत्यात, त्यास्नी न्हाई कसं म्हनायचं? दिनूचं नाव हाय त्यात."

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, आबा, थोडे दिवस थांबवता येईल का. त्यांनी विचारलं, का.  तीन महिने नुकतेच भरले होते. उंदरांची यकृतं काढून मी बरण्यांत घातली होती, पण ती आत कशी आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कसं कळणार. आणि पुराव्याशिवाय काय सांगणार होतो, की तुमचा मुलगा त्याच्या आत्याच्या औषधानं गेला असावा, अशी मला भीती वाटते? माझ्या भीतीची किंमत तुझ्या घरात किती आहे हे मला ठाऊक होतं. तूच ती ठरवली होतीस. "बघतो, कळवतो," म्हटलं. आबा म्हणाले, "रिपोर्ट आला की सांगा."

बरण्या घेऊन मी सांगलीला गेलो. तिथं ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, यकृताचे पातळ काप काढून काचेवर तपासतात. पिशवी मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो. कराडला एक म्हातारी शेजारी येऊन बसली आणि पिशवीत डोकावली. "लोणचं हाय व्हय?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं विचारलं, कशाचं.  पुढं सांगलीपर्यंत मी त्या बरण्यांवर दोन्ही हात ठेवून बसलो होतो. आत तीन पिंजऱ्यांचा निकाल होता आणि त्यातल्या दुसऱ्या बरणीला मी सगळ्यांत जास्त भीत होतो. दुसऱ्या बरणीत रोज एक वाटी पिणारी माणसं होती. वहिनी वाट्या भरत होत्या त्या सगळ्यांचं नशीब त्या बरणीत होतं. तिसरीचं मला काही वाटत नव्हतं. तेवढं कोणी पीत नाही, असंच मी धरून चाललो होतो.

आईकडे राहिलो. आईनं विचारलं, डोळ्यांत काय गेलंय तुझ्या, सारखा आरशात बघतोस. मी म्हटलं, धूळ. ती म्हणाली, माझ्यापाशी बस. लहानपणी ताप आल्यावर बसवायची तशी जवळ बसवून ती तुझ्याबद्दल विचारत राहिली. तू एकदा तिच्या हातचं भरलं वांगं खाऊन पुन्हा मागून घेतलं होतंस, ते तिला अजून आठवतं.

डॉक्टरांनी बोलावलं आणि मी गेलो. त्यांनी एकेक काच दाखवली. पहिला पिंजरा स्वच्छ. दुसरा, दिनकर, दुसराही स्वच्छ. मी पुन्हा बघा म्हटलं. त्यांनी पुन्हा बघितलं. काही नाही, निरोगी आहे. मग त्यांनी तिसऱ्याची काच लावली आणि मला डोळा लावायला सांगितलं. मला त्यातलं फार कळत नाही, पण घर जळून गेल्यावर नुसत्या भिंती उभ्या राहाव्यात तसं ते होतं. त्या म्हणाल्या, "यातलं एकही धड नाही. पण हे माप कुठून काढलंत? एवढं कोण पितं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

आणि मी हलका झालो. खोटं कशाला सांगू, सांगलीच्या स्टँडवर मी पोटभर भेळ खाल्ली. तुला काढ्यानं नेलं नव्हतं. आत्याचं नाव स्वच्छ होतं, पिणारी माणसं सुखरूप होती आणि मी, पुन्हा एकदा, उगाच भ्यालो होतो. तू वर बसून हसत असशील असं मनात आलं, आणि तू गेल्यानंतर पहिल्यांदा मला तुझी आठवण भीती न वाटता आली. गाडीत मी शांत झोपलो.

काल सकाळी मी तुझ्या गावी गेलो. आनंदाची बातमी आपल्या तोंडानं सांगावी म्हणून पहिल्या गाडीनं गेलो. उजाडत होतं, उसाला पाणी सोडलेलं, हवेत गारवा. ओसरीवर, अंगणात माणसं बसली होती. आबा खुर्चीवर. वहिनी पातेल्याशी. मला बघून त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "या भावजी. ह्येवढं उरकते आन च्या टाकते." मी पायरीवर बसलो आणि पहिल्यांदा ते काम बघितलं.

त्यांनी वाटी भरली. पळीनं एक घोट घेतला आणि वाटी पुढच्या माणसाला दिली. दुसरी वाटी भरली. तीतली पळी घेतली, वाटी दिली. तिसरी भरली. पुन्हा पळी.

रीत तू नीट सांगितली होतीस, तरी मी धरलं होतं, सकाळी एकदा, सगळ्यांदेखत एक घोट. माझ्यासमोर तू तेवढाच घेतला होतास. पण तेव्हा ओसरीवर मी एकटा होतो.

मी माणसं मोजायला लागलो. किती पळ्यांची एक वाटी होते ते शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. पळ्यांच्या वाट्या केल्या आणि हिशोब संपायच्या आत थांबलो. उत्तर मला पाठ होतं. ना धड पाचपट, ना धड दहापट.

आत्याकडे चार-पाच माणसं यायची. तिच्या पोटात दिवसाला जेमतेम एक वाटी जायची. आपल्या उंदरांची साखर उतरली आणि तुझ्या ओसरीवर गर्दी झाली. घेणारा प्रत्येकजण एकच वाटी घेत होता. देणारा सगळ्यांची घेत होता.

मी उठलो.  वहिनींचा हात पळीसकट वर जात होता. मी म्हटलं, "वहिनी, ती पळी खाली ठेवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा म्हणाले, "काय झालं? रिपोर्ट वाईट हाय?"

"घेणाऱ्यांना काही होत नाही," मी म्हटलं.  "देणाऱ्याला होतं. सगळ्यांच्या वाटीतलं देणाऱ्याच्या पोटात जातं. दिनकरच्या पोटात तेच गेलं."

 मग रहिमतपूरचा एक माणूस म्हणाला, "देनाऱ्यानं घ्येतलं न्हाई तर आमी कुनाच्या इस्वासावर प्याचं?" आबांनी मान हलवली. "आक्कानं रीत घालून दिलीया. ती मोडायची म्हंजे..." 

वहिनी पळी हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमास्नी भ्या वाटतंय म्हून सांगताय, का खरंच?"

त्यांचा दोष नव्हता. तू त्या घरात माझी ओळख भित्रा म्हणूनच करून दिली होतीस. माझ्याजवळ काचा होत्या, रिपोर्ट होता, पण त्यातलं त्यांना काय सांगणार. मग मला जे सुचलं ते मी सांगितलं. तू तिसऱ्या पिंजऱ्याला जो आकडा धरलास तो कुठून काढलास हे विचारल्यावर आत्याला विचारलं म्हणालास, ते सांगितलं. दवाखान्यात तू त्यांना पाण्याला बाहेर पाठवून मला तिसऱ्या पिंजऱ्याचं विचारलंस, ते सांगितलं. "तो उंदरांबद्दल विचारत नव्हता, वहिनी. तो पिंजरा त्याचा होता. त्यानं स्वतःच्या मापाचा मांडला होता."

त्या हळूहळू खाली बसल्या. "सरावनापास्नं ह्येंनी मानसांचा आकडा ठरवून टाकला हुता," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर एकबी घ्येत न्हवते. मीबी त्येवढ्यास्नीच देती. लांबनं आल्याली मागारी लावायचे, लोकं रुसायची. मी म्हनलं, असं का करता. तर म्हनले, काढा पुरत न्हाई." त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. "पातेल्यात रोज उरायचा."

आबा खुर्चीतून उठले आणि गोठ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"म्हंजे भ्याले हुते," वहिनी म्हणाल्या. "मला एका शब्दानं बोलले न्हाईत."

"मलाही नाही."

मग त्या उठल्या. पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या परड्यात नेऊन ओतलं. परत येऊन त्या माणसाला म्हणाल्या, "दादा, इस्वास ह्येंच्यावर ठिवला, त्येवढा पुरं. आता साताऱ्याला डाक्टरला दावा." एकेकजण उठून गेला. रीतीप्रमाणे मागं वळून कोणी बघितलं नाही.

मी वहिनींना अंगणात उजेडात उभं केलं आणि डोळे बघितले. पांढरे दिसले. निदान मला तसे वाटले. मी विचारलं, भूक लागते का. त्या म्हणाल्या, "आसल्या दुखात कसली भूक, भावजी." ती भूक दुःखानं गेली आहे की पळीनं, हे मला कळेना. उद्या आबा त्यांना रक्त तपासायला साताऱ्याला आणणार आहेत. तोवर मी इथं प्राण्यांच्या खोलीत बसून हे लिहितो आहे, कारण घरी बसवत नाही.

तुझ्यावर रागावू का, तेही मला कळत नाही. तू थांबू शकत होतास. की नव्हतास? समोर उपाशीपोटी आलेली माणसं, हातात आत्याची पळी. पळी ओठाला नुसती लावून फसवायचं तुला जमलं नसतं, हे मला माहीत आहे. ती लबाडी शिकवायला मी होतो की. आणि काढा सोडायचा तर कारण हवं, म्हणून कारण शोधायला तू पिंजरा मांडलास. तीन महिने भरायची वाट बघत राहिलास, आणि वाट बघताना रोज पीत राहिलास. रोज सकाळी पिऊन यायचास, साडेदहाला वर्गात उभा राहायचास आणि मधल्या सुट्टीत मला भित्रा म्हणून चिडवायचास.

दिनकर, माझ्याइतका भ्यायचा सराव कोणाला नव्हता. मला सांगायचं होतंस रे. दोघं मिळून भ्यालो असतो.